जुन्या डिझेल गाडीचा एसी गार करत नाय? गॅस भरायच्या आधी एवढं बघा

एसी गार करेनासा झाला की पहिलं वाक्य ठरलेलं, गॅस संपला असेल, भरून घे. अहो गॅस काय डिझेल आहे का जळून संपायला? तो बंद पाइपातच फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय, आणि ती गळती न शोधता भरला तर हापूसचा सीझन संपायच्या आत परत तेच. जुनी पिकअप किंवा बॉनेटवाला ट्रक धरून सांगतोय.

इंजिन चालू, एसी ऑन, ब्लोअर फुल्ल, मग बॉनेट उघडून कॉम्प्रेसरकडे, म्हणजे बेल्टवर चालणाऱ्या गॅसच्या पंपाकडे, लक्ष द्या, पण हात आणि कपडे बेल्टपासून लांब. टक् आवाज होऊन पुलीच्या पुढची क्लच प्लेट फिरली पाहिजे. नाही फिरली तर आधी फ्यूज, रिले, मग क्लचच्या वायरला टेस्ट लॅम्प. लॅम्प पेटत नाही म्हणजे करंटच पोचत नाही, वायर तुटलेली असेल किंवा प्रेशर स्विचने कट केलं असेल, गॅस फारच कमी झाला की तो कॉम्प्रेसर लागूच देत नाही. लॅम्प पेटतो पण क्लच ओढत नाही, तर अर्थिंग बघाच, म्हणजे बॉडीला बोल्टाने लावलेली वायर. आपल्या कोकणच्या खाऱ्या हवेत त्या बोल्टाखाली हिरवट-पांढरं धरतं, वरून काही दिसत नाही, बोल्ट खोलून पॉलिश पेपर मारा आणि बसवल्यावर वरून ग्रीस लावा. सकाळी लागतो आणि इंजिन तापलं की सुटतो असं असेल तर क्लचचा गॅप वाढलेला असतो, शिम म्हणजे आतला पातळ वायसर काढून तो कमी होतो. गाडी २४ व्होल्टची असेल तर १२ चा रिले बसवू नका.

हायवेला मस्त गार पण परशुराम घाटात किंवा आंबोली चढताना गरम हवा, हे गॅसचं लक्षण क्वचितच. तिथे कंडेन्सरला, म्हणजे रेडिएटरच्या पुढच्या गॅस गार करणाऱ्या जाळीला, वारा मिळत नसतो. ती जाळी लाल मातीने आणि किड्यांनी भरलेली असते, मासे वाहणारी गाडी असेल तर वर खारं पाणी. साध्या गोड्या पाण्याने, पाइपाची धार हलकी ठेवून, शक्यतो आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशरने फिन्स म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि अ‍ॅसिड तर अजिबात नको, अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतं. तरी फरक नाही पडला तर रेडिएटरचा फॅन ढिला फिरतोय का बघा.

धुतल्यावर टॉर्च मारून कंडेन्सरचे खालचे दोन्ही कोपरे नीट बघा. तिथे मीठमाती साचून राहते, पांढरी पूड आणि फिन्स बोट लावताच गळून पडत असतील तर कंडेन्सर गेल्यात जमा, त्यात गॅस भरणं म्हणजे पैसे वाया. जॉइंटला तेलकट काळा डाग दिसला तर गळती तिथेच, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल पण बाहेर येतं. साबणाचा फेस लावून खात्री करा, बऱ्याचदा जॉइंटमधली नुसती रबरी ओ रिंग बदलून काम होतं.

लांबच्या फेरीत मध्येच हवा कमी होते आणि थोडा वेळ बंद ठेवलं की परत येते, म्हणजे कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय, थर्मोस्टॅट किंवा सेन्सर तपासा. पायाशी पाणी सांडतंय तर ड्रेन पाइप तुंबलाय, आपल्या दमट हवेत पाणी भरपूर निघतं. सगळं बरोबर असून हवा कोमट येत असेल तर हीटरचा वॉल्व पूर्ण बंद होतोय का बघा, हे कुणी बघतच नाही.

एवढं झाल्यावर मग गॅसवाला. पाइप स्वतः खोलू नका, आतला आर-१३४ए गॅस उणे २६ डिग्रीला उकळतो, उडाला तर कातडी आणि डोळे जातात. त्याच्याकडून गळती दुरुस्त, ओलावा शोषणारा ड्रायर नवीन, निदान अर्धा तास व्हॅक्यूम म्हणजे पाइपातली हवा ओढून काढणं, व्हॅक्यूम धरून राहतंय का ते गेजवर बघून मगच गॅस, तोही बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढा, वजन करून. गळती तपासायला ऑक्सिजन लावायला निघाला तर तिथेच थांबवा, तेल आणि ऑक्सिजन मिळून स्फोट होतो, नायट्रोजनच हवा.