काळ्या कातळाचे फोटो राखाडी येतात? या चुका टाळा

पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडी नदीच्या कातळातले रांजणखळगे (खोल गोल खड्डे) बघायला पहिल्यांदा गेलो ते मे महिन्यात, आणि पोचलो बरोब्बर दुपारी बाराला. दोनशेच्या वर फोटो काढले, घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर सगळा कातळ सिमेंटच्या ओट्यासारखा, ना काळा ना तांबडा, नुसता फिक्का. मला वाटलं कॅमेरा गंडलाय. निम्मा दोष त्याचा होताच म्हणा, उरलेला माझा.

कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोर जे येईल ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. आता फ्रेमभर बेसाल्ट, म्हणजे आपला हा काळा कातळ, असेल तर त्याला वाटतं अरे उजेड कमी पडतोय, की लगेच एक्सपोजर वाढवून काळ्या दगडाचा राखाडी करून टाकतं. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायची सोय) मायनसमध्ये न्या, -०.७ पासून सुरू करा, दगड ओला असेल तर -१.३ पर्यंत जायला हरकत नाही, आणि हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) बघत राहा. मोबाईलवर दगडावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की ती सूर्याची खूण खाली ओढा. फक्त फ्रेममध्ये मोठं आभाळ असेल तर गणित उलटतं, तेव्हा दगड आधीच काळा ठिक्कर पडलेला असतो, मग मायनस करू नका.

दुसरी चूक वेळेची. डोक्यावरचं ऊन दगडाचा पोत मारून टाकतं. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ती बारीक बारीक भोकं, कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटलेले थर, हे दिसायला ऊन आडवं यायला हवं, म्हणजे सकाळचा पहिला दीड-दोन तास नाहीतर संध्याकाळ. रंग हवे असतील तर मात्र ढगाळ दिवस बेस्ट. पोत आणि रंग दोन्ही एकाच उजेडात मिळायची अपेक्षा मी आता सोडून दिलीये.

आता एक गंमत, जी मला कुणी सांगितली नव्हती. निघोजचे खळगे म्हणजे पाण्याच्या भोवऱ्यात गोटे गरगर फिरून कातळात कोरले गेलेले रांजण. वरून फोटो काढला आणि त्यात उजेड फ्रेमच्या खालच्या बाजूने येत असेल, तर बघणाऱ्याला खड्ड्याच्या जागी टेकाड दिसतं! आपल्या डोक्याला उजेड वरूनच येतो अशी सवय असते ना, म्हणून. माझे कितीतरी फोटो बघून लोकांनी ‘हे उंचवटे कसले’ विचारलंय. उपाय सोपा, खळग्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा म्हणजे ऊन फ्रेमच्या वरच्या बाजूने येईल, तेही जमत नसेल तर फोटो उलटा करून बघा. शिवाय काठावर एखादी चप्पल किंवा माणूस राहू द्या, नाहीतर माणूस मावेल एवढा रांजण फोटोत वाटीएवढा वाटतो.

‘काळ्या दगडात कसले रंग’ म्हणणाऱ्यांनी घाटातला कापलेला कडा एकदा नीट बघावा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले, आणि मधल्या काळात वरचा पृष्ठभाग झिजून काही ठिकाणी विटकरी लाल थर तयार झाला, त्याला रेड बोल म्हणतात. त्यात लोखंडाचा गंज, दगडफुलाचे पांढरे-पोपटी ठिपके, पोकळ्यांमध्ये झिओलाइट या खनिजाचे पांढरे दाणे. हे सगळं ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय) खाऊन टाकतो. फ्रेमभर लाल थर असला तर लाली कमी करतो, सावलीत तर बऱ्याचदा सगळं निळसर ठेवतो. व्हाइट बॅलन्स ऊन असेल तर ऊन, सावली असेल तर सावली असा हाताने लावा, आणि रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा म्हणजे घरी सुधारता येतं.

ओल्या कातळाचा रंग गडद आणि सुंदर येतो पण त्यावर आभाळाची चमक बसते, ती दगडाचा रंगच झाकते. सीपीएल फिल्टर (चमक कापणारी, लेन्सवर लावायची फिरती काच) लावून हळूहळू फिरवत बघा, एका कोनाला चमक जाते आणि खालचा दगड दिसतो. पूर्ण काढू नका, थोडी चमक राहिली तरच ओलं ओलं वाटतं.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे उभे खांब असतील तर मात्र चूक वेगळी. जवळ उभं राहून वाइड लेन्स वर केली की साधारण २०० फुटांचे ते खांब वर निमुळते होत मागे पडल्यासारखे दिसतात. आजूबाजूला इमारती असल्याने मागे सरकायला जागा कमीच, तरी जमेल तेवढं मागे जाऊन झूम करा आणि अख्खी टेकडी घ्यायच्या नादात न पडता आठ-दहा खांबच घ्या.

एडिटिंगमध्ये क्लॅरिटी (पोत उठावदार करणारा स्लायडर) +८० वर नेणारे, प्लीज थांबा, दगड प्लास्टिकचा दिसतो आणि आभाळाच्या कडेला पांढरी रेघ येते. मी +२० च्या वर जात नाही, उलट ब्लॅक्स (सगळ्यात गडद भागांचा स्लायडर) जरा खाली ओढतो. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र) एफ/८ ते एफ/११ ठेवा, एफ/२२ ला सगळं शार्प येईल हा गैरसमज आहे, तिथे छिद्र फार बारीक झाल्याने उजेड पसरतो, त्या डिफ्रॅक्शनमुळे बारीक पोत मऊ पडतो.

आणि निघोजला पावसाळ्यात जाणार असाल तर ट्रायपॉड शेवाळावर लावू नका. माझा घसरला, लेन्सचं हूड खळग्यात गेलं आणि ते काही मी काढायला गेलो नाही, त्या खळग्यांना तळ दिसत नाही.