जवानाच्या स्मृतिफलकावर काय कोरावं
आधी डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्त होताना मिळणारं सेवा-नोंदीचं पुस्तक) आणि पदकाचं प्रशस्तिपत्र समोर ठेवा. पारावरच्या ऐकीव माहितीवर एक अक्षरही कोरू नका. सैन्य क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, तारीख, ठिकाण. हुद्दा कोरलेल्या त्या तारखेचा, नंतरच्या बढतीचा नव्हे.

जास्त चुका पदकात होतात. परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र इतर प्रसंगांतल्या शौर्यासाठी. १९६७ पूर्वीच्या कागदावर शौर्य चक्र ‘अशोक चक्र, वर्ग ३’ असं दिसेल. त्याला नुसतं ‘अशोक चक्र’ लिहिणं चूकच.

कागद हरवले? सैन्य क्रमांक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’ या रेजिमेंटच्या जवानाचं रेजिमेंटल सेंटर तर आपल्या कामठीतच आहे.

विदर्भाच्या उन्हात रंग उडतो, म्हणून अक्षरं काळ्या ग्रॅनाइटवर खोल कोरा. त्याआधी मसुदा घरच्यांना वाचून दाखवा.