सोलर सिम्युलेशनचा आकडा पटत नाहीये? लॉसेसना हात लावायच्या आधी फाइलमधली वेळ बघा

सोलर सिम्युलेशनचा, म्हणजे पॅनेलं वर्षाला किती वीज देतील याच्या सॉफ्टवेअरमधल्या अंदाजाचा, आकडा चुकला की लोक काय सांगतात? सॉइलिंग (धुळीचा लॉस) वाढवून बघ, अल्बेडो (जमिनीवरून परतणारं ऊन) बदलून बघ, ट्रान्सपोझिशनचं (आडव्या उन्हावरून तिरक्या पॅनेलवरचं ऊन काढायचं) मॉडेल ‘हे’ (Hay) नावाच्या ऐवजी पेरेझ घे, आणि मग नवशिक्या माणूस दोन दिवस ते नॉब पिळत बसतो, आकडा हवा तिथे आला की खूश, आणि मूळ चूक तशीच आत. मीही हे केलंय म्हणून चिडून लिहितेय. सॉफ्टवेअर कुठलंही असो, पीव्हीसिस्ट, सॅम, पायथनमधलं पीव्हीलिब, चुका साधारण त्याच असतात आणि त्यातली सगळ्यात छळणारी एकच आहे, ती खाली सविस्तर येईल. इन्स्टॉल कसं करायचं, प्रोजेक्ट नवीन कसा उघडायचा हे तुम्हाला जमतं असं धरून चालते.

पायरी १. जागा

अक्षांश, रेखांश, उंची, टाइम झोन. रेखांश पश्चिमेचा असेल तर उणे चिन्ह. टाइम झोन नीट बघा, कारण सगळे झोन पूर्ण तासाचे नसतात, ५:३० आणि ५:४५ वालेही असतात आणि काही ठिकाणी यादीतून निवडताना गोल आकडा गळ्यात पडतो.

पायरी २. हवामानाची फाइल (इथेच खरी मेख आहे)

सॉफ्टवेअरमध्ये आधीच असलेला डेटा वापरणार असाल तर ही पायरी दोन क्लिकची. पण बाहेरून सीएसव्ही आणणार असाल तर चहा घेऊन बसा.

आधी किरकोळ गोष्टी उरकू. ओळी मोजा, वर्षाचे तास ८७६०, लीप वर्षात ८७८४. संख्या वेगळी आली तर काहीतरी गळलंय किंवा दोनदा आलंय, आणि जिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तिथल्या स्थानिक वेळेच्या फाइलमध्ये एक तास गायब आणि एक तास डबल असतो, अशी फाइल सरळ नाकारा आणि प्रमाणवेळेतली मागा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, एक्सेल तारखेतला दिवस आणि महिना गुपचूप अदलाबदल करतं आणि ते फक्त १२ तारखेपर्यंतच होतं, म्हणून पटकन दिसतही नाही. नोटपॅडमध्ये उघडा. एकक बघा: काही जण वॉट प्रति चौरस मीटर देतात, ईआरए५ सारखा जागतिक हवामानाचा डेटा ज्यूलमध्ये येतो, त्याला ३६०० ने भागायचं. वर्षाची बेरीज करून बघा, आडव्या पृष्ठभागावर पृथ्वीवर बहुतेक ठिकाणी ती ८०० ते २५०० किलोवॉट-तास प्रति चौरस मीटरच्या मध्ये पडते, तुमची ६००० आली तर एककाचा घोळ आहे, आनंद मानू नका. टीएमवाय (नमुनेदार वर्षाची) फाइल असेल तर जानेवारी एका वर्षाचा आणि फेब्रुवारी भलत्याच वर्षाचा असणार, ती चूक नाही, वेगवेगळ्या वर्षांचे नमुनेदार महिने जोडूनच ते वर्ष बनवतात. इम्पोर्ट करताना वर्षाचा कॉलम दुर्लक्षित करायला सांगा म्हणजे झालं.

आता मेख. ओळीवर ११:०० लिहिलंय आणि पुढे ६४० वॉट. हे ६४० कधीचे? ११ ते १२ ची सरासरी, का १० ते ११ ची, का बरोब्बर ११ वाजताचं रीडिंग? तिन्ही प्रकारच्या फाइली बाजारात फिरतात आणि डोक्यावर तसं लिहिलेलं असतंच असं नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे अर्ध्या तासाची चूक साडेसात अंशांची आणि एका तासाची पूर्ण १५ अंशांची. सॉफ्टवेअर सूर्य कुठे आहे हे घड्याळावरून काढतं आणि ऊन किती आहे हे फाइलमधून वाचतं, आणि ही दोन घड्याळं जुळली नाहीत तर सकाळी सूर्य क्षितिजाखाली असताना फाइल म्हणते ऊन पडलंय. मग थेट ऊन किती आणि विखुरलेलं किती ही विभागणीच चुकते, कारण ती सूर्याच्या उंचीवरून होते.

यातलं वाईट काय, तर वर्षाची आडवी बेरीज अजिबात बदलत नाही. तेवढीच तपासलीत तर सगळं छान दिसतं. पॅनेल सूर्य जिकडून माध्यान्ही जातो त्या दिशेला असतील तर सकाळची चूक आणि संध्याकाळची चूक एकमेकींना बरीचशी खाऊन टाकतात आणि तुम्हाला कळतही नाही. माझ्या हाती पूर्व-पश्चिम छपराचं काम आलं तेव्हा पितळ उघडं पडलं. दोन्ही बाजूंना सारखी पॅनेलं, सारखा उतार, आजूबाजूला सावली नाही, आणि पश्चिमेची बाजू पूर्वेपेक्षा बरीच जास्त वीज देतेय. मी म्हटलं दुपारी तिथे आकाश जास्त मोकळं असेल. मग म्हटलं तापमान. मग लॉसेस चाळत बसले, दोन दिवस गेले. फाइल ज्यांनी दिली त्यांनी तास संपल्यावरची वेळ लिहिली होती आणि माझं सॉफ्टवेअर ती तास सुरू होतानाची समजत होतं, म्हणजे सगळं ऊन एक तास उशिरा पडत होतं, साहजिकच पश्चिमेच्या पॅनेलांवर. इम्पोर्टच्या वेळी चक्क सूचना आली होती हो. मी ओके दाबून पुढे गेले होते.

आणि खरी फजिती त्यानंतरची. चूक कळल्यावर मी फाइलमधल्या ओळी एक जागा वर सरकवल्या, आणि शिवाय इम्पोर्टच्या खिडकीतही एक तासाची दुरुस्ती टाकली. आता पूर्वेची बाजू जास्त द्यायला लागली. त्यामुळे माझा नियम पक्का: मूळ फाइलला हात लावायचा नाही, दुरुस्ती फक्त एकाच ठिकाणी, इम्पोर्टच्या सेटिंगमध्ये, आणि किती मिनिटं टाकली ते फाइलच्या नावातच लिहायचं.

तपासायचं कसं? आधी तुमच्या जागी सूर्य घड्याळाप्रमाणे किती वाजता माथ्यावर येतो ते काढा. १२ वाजता नाही! टाइम झोनच्या मधल्या रेखांशापासून तुम्ही जितके अंश पश्चिमेला तितकी गुणिले ४ मिनिटं उशीर, पूर्वेला असाल तर तितकंच लवकर. ५ अंश पश्चिमेला असाल तर १२:२०. त्यात वर्षभराचा हेलकावा वेगळा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सुमारे १६ मिनिटं लवकर येतो म्हणजे १२:०४, फेब्रुवारीच्या मध्यात सुमारे १४ मिनिटं उशिरा म्हणजे १२:३४. हा हेलकावा माहीत नसलेले लोक नोव्हेंबर बघून फाइल दुरुस्त करतात आणि फेब्रुवारी बिघडवतात.

मग फाइलमधून एक स्वच्छ निरभ्र दिवस शोधा, ज्याचा आलेख गुळगुळीत घुमटासारखा दिसतो, एकही खाच नाही. समजा त्या दिवशी सूर्य माथ्यावर येतो १२:३० ला. आता सकाळची आणि दुपारची सारखी आकड्यांची जोडी शोधा. ९:०० च्या ओळीवर आणि १५:०० च्या ओळीवर जवळपास सारखेच आकडे असतील तर मध्य येतो १२:००, म्हणजे लिहिलेली वेळ खऱ्या मध्यापेक्षा अर्धा तास आधीची, म्हणजे तास सुरू होतानाची. १०:०० आणि १६:०० ची जोडी जुळली तर मध्य १३:००, म्हणजे तास संपतानाची. ९:०० आणि १६:०० जुळले तर १२:३०, म्हणजे वेळ ज्या क्षणाची लिहिलीय त्याच क्षणाची. जोडी अगदी तंतोतंत जुळणार नाही, थोडं इकडे तिकडे चालतं, पण तीनपैकी कुठला प्रकार आहे हे पाच मिनिटांत कळतं. मध्य भलताच कुठेतरी, सकाळी ७ ला वगैरे आला तर फाइल यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे. असे निदान तीन-चार दिवस वेगवेगळ्या महिन्यांतले बघा, एकाच दिवसावर भरवसा नको, कारण रोज दुपारनंतर विरळ ढग येणारी जागा असेल तर घुमट एका बाजूला कललेला दिसतो आणि तुम्ही भलतीच दुरुस्ती करून बसता.

पीव्हीसिस्टमध्ये यासाठी हवामानाच्या फाइलचा गुणवत्ता तपासायचा भाग आहे, तिथे दर महिन्याचे सर्वात निरभ्र दिवस आदर्श वक्रावर ठेवून दाखवतात आणि टाइम शिफ्टही काढून देतात, तो न बघता पुढे जाऊ नका. पीव्हीसिस्ट वेळ तासाच्या सुरुवातीची समजतं. सॅमच्या फाइलमध्ये मिनिटांचा कॉलम असेल तर ते तो वापरतं, नसेल तर तासाचा मधला क्षण धरतं. पीव्हीलिब मात्र अगदी सरळमार्गी, तुम्ही जो क्षण द्याल त्याच क्षणाचा सूर्य काढतं, म्हणून तासाची सरासरी असेल तर अर्धा तास तुम्हीच सरकवायचा. पीव्हीजीआयएस या ऑनलाइन साधनाच्या तासागणिक फाइलमध्ये वेळ यूटीसीत असते आणि मिनिटं ००:१० अशी विचित्र दिसतात, ती छपाईची चूक नाही, सॅटेलाइटने ती जागा टिपली ती वेळ आहे. ती मिनिटं गोल करू नका! मी एकदा केली होती.

पायरी ३. दिशा

पीव्हीसिस्ट आणि पीव्हीजीआयएसमध्ये उत्तर गोलार्धात दक्षिण म्हणजे ०, पूर्व उणे ९०, पश्चिम ९०. सॅममध्ये आणि पीव्हीलिबमध्ये होकायंत्रासारखं, उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०. एकातला आकडा दुसऱ्यात टाकलात की पॅनेलं उत्तरेकडे तोंड करून बसतात. बास.

पायरी ४. स्ट्रिंग

स्ट्रिंग म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांची माळ, त्यांची व्होल्टेजं बेरजेत येतात. इथे एकच गोष्ट सांगते, थंडी. पॅनेल गार झालं की व्होल्टेज वाढतं. समजा पॅनेलचं ओपन सर्किट (काहीच न जोडता मिळणारं) व्होल्टेज ४९.५, इन्व्हर्टरची मर्यादा १००० व्होल्ट. २० पॅनेल गुणिले ४९.५ म्हणजे ९९०, बसलं असं वाटतं. पण ते २५ अंशांचं व्होल्टेज आहे. अंशामागे ०.२७ टक्के वाढ धरली आणि पहाटे ५ अंश असेल तर ५.४ टक्के वाढून एका पॅनेलचे झाले ५२.१७, आणि २० चे १०४३. म्हणजे १९ च बसतात. पीव्हीसिस्टमध्ये किमान तापमान मुळात उणे १० धरलेलं असतं, तुमच्या जागी इतकी थंडी नसेल तर सॉफ्टवेअर १९ लाही लाल करेल, तेव्हा प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जागेचं खरं किमान तापमान टाका, सोयीचं नव्हे.

पायरी ५. लॉसेस

पीव्हीवॉट्स या सोप्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमधले १४ टक्के लॉसेस हे ठरावीक आकड्यांतून आलेत, सॉइलिंग २, सावली ३, मिसमॅच (पॅनेलांमधला आपसातला फरक) २ वगैरे, आणि ते बेरजेने नाही, एकावर एक गुणून. त्यामुळे सावली वेगळी काढलीत तर तिथले ३ काढून टाका, नाहीतर दोनदा धराल. पीव्हीसिस्टमध्ये पॅनेलची उष्णता बाहेर जाण्याचा गुणांक मोकळ्या स्टँडवर २९, पॅनेलची पाठ बंद असेल तर १५. छपराला चिकटवलेल्या पॅनेलला २९ देणारे रिपोर्ट मी इतके पाहिलेत की आता आधी तेच पान उघडते.

पायरी ६. सावली

आधी सावलीशिवाय एकदा चालवा आणि तो व्हेरिएंट (सिम्युलेशनची ती आवृत्ती) जपून ठेवा. मगच थ्रीडी सीन. सीनमधलं पॅनेलांचं क्षेत्रफळ सिस्टिममधल्याशी जुळत नाही अशी तक्रार आली तर पॅनेलची लांबी-रुंदी उलटी पडलीय का ते आधी बघा, दहातल्या आठ वेळा तेच असतं.

पायरी ७. चालवा आणि लॉस डायग्राम वाचा

वरून खाली वाचा, शेवटचा आकडा शेवटी. पीआर (परफॉर्मन्स रेशो, म्हणजे आदर्श उत्पादनाच्या किती टक्के वीज मिळते) साधारण ७५ ते ८५ टक्के. ९० च्या वर गेला तर हसू नका, काहीतरी लॉस शून्य राहिलाय. इन्व्हर्टर लहान ठेवला असेल तर क्लिपिंगचा (इन्व्हर्टरच्या मर्यादेवरची वाया जाणारी वीज) आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच दिसणार, कारण तासाच्या सरासरीत ढगांमधून अचानक येणारे उन्हाचे झटके बुजून जातात.

आकडा तरीही पटत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलाला नवीन व्हेरिएंट, आणि पहिला बदल म्हणून एक खोटी सिस्टिम करा: निम्मी पॅनेलं थेट पूर्वेला, निम्मी थेट पश्चिमेला, २० अंश उतार, सावली शून्य. पायरी २ मधले ते निरभ्र दिवस काढा आणि दोन्ही बाजूंचे तासातासाचे आकडे शेजारी ठेवा. सूर्य माथ्यावर यायच्या क्षणाभोवती ते आरशातल्यासारखे उलटसुलट यायला हवेत, दुपारी तापमान जास्त म्हणून पश्चिम किंचित कमी, एवढंच. तसे नाही आले तर परत पायरी २ वर.