स्टेटमध्ये मूल्य नसेल तर: टाइपस्क्रिप्टची तक्रार कशी मिटवावी

सर्व्हरकडून माहिती मागवणारा रिअ‍ॅक्ट कंपोनंट (रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत लिहिलेला पानाचा एक भाग) पहिल्यांदा रेंडर होतो, म्हणजे पडद्यावर उमटतो, तेव्हा ती माहिती सहसा आलेली नसते. कंपोनंट लक्षात ठेवतो ते मूल्य म्हणजे स्टेट, आणि ते युजस्टेट (`useState`) वापरून बनवतात. युजस्टेटला ‘युजर’ हा टाइप देऊन कंसात काहीच दिलं नाही, तर स्टेटचा टाइप ‘युजर किंवा अनडिफाइन्ड (मूल्य दिलेलंच नाही)’ होतो. मग युजरचं नाव वाचायला गेलं की टाइपस्क्रिप्टची (जावास्क्रिप्टला टाइपची तपासणी जोडणाऱ्या भाषेची) ‘कदाचित अनडिफाइन्ड आहे’ अशी लाल रेघ उमटते. ती घालवायचे झटपट उपाय पुष्कळ आहेत, पण त्यांतले बरेचसे चूक फक्त पुढे ढकलतात.

आधी टीएसकॉन्फिग (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगची) फाइल उघडा आणि ‘स्ट्रिक्ट’ चालू आहे का ते पाहा. त्यातच ‘स्ट्रिक्टनलचेक्स’ येतो. तो बंद असेल तर नल (मुद्दाम ठेवलेलं ‘काही नाही’) आणि अनडिफाइन्ड कुठल्याही टाइपमध्ये खपून जातात आणि चूक थेट ब्राउझरमध्ये फुटते. अ‍ॅरेसाठी (मूल्यांच्या क्रमवार यादीसाठी) ‘नोअनचेक्डइंडेक्स्डअ‍ॅक्सेस’ मात्र वेगळा चालू करावा लागतो. तो ४.१ आवृत्तीपासून आहे, पण स्ट्रिक्टमध्ये धरलेला नाही. तो नसेल तर रिकाम्या अ‍ॅरेचा पहिला घटकसुद्धा टाइपस्क्रिप्ट खरा मानतं.

मग एकेक स्टेट घ्या आणि ठरवा: इथे मूल्य नसणं ही खरोखरची स्थिती आहे का? शोधाच्या चौकटीतला मजकूर किंवा मोजणी यांना सुरुवातीचं मूल्य द्या, म्हणजे रिकामी स्ट्रिंग किंवा ०, आणि प्रश्न तिथेच संपतो. यादीचं तसं नाही. ‘यादी अजून आली नाही’ आणि ‘यादीत काहीच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीला रिकामा अ‍ॅरे ठेवला तर माहिती येण्याआधीच ‘काही सापडलं नाही’ असं क्षणभर झळकतं. युजरच्या जागी रिकामा ऑब्जेक्ट ठेवून ‘अ‍ॅज युजर’ (हे युजरच आहे असं धर) लिहिणं तर सरळ खोटं बोलणं आहे.

मूल्य खरोखरच नसू शकत असेल, तर तपासणी एकदाच आणि वरच करा: युजर अनडिफाइन्ड असेल तर लोडिंगची खूण रिटर्न करून मोकळं व्हा. त्याखालच्या जेएसएक्समध्ये (पडद्यावर काय दिसेल ते सांगणाऱ्या एचटीएमएलसारख्या कोडमध्ये) टाइप आपोआप फक्त ‘युजर’ उरतो. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. सगळे हुक (युजस्टेटसारखी रिअ‍ॅक्टची ‘यूज’नं सुरू होणारी फंक्शनं) या रिटर्नच्या वरच हवेत. खाली गेले तर माहिती आल्यावरच्या रेंडरला हुकची संख्या बदलते आणि रिअ‍ॅक्ट एरर देतं. दुसरं म्हणजे, क्लिकचे हँडलर तपासणीच्या खाली, अ‍ॅरो फंक्शन म्हणून लिहा. ‘फंक्शन’ शब्दानं सुरू होणारी घोषणा खाली लिहिली तरी ती वरून हाक मारता येते, म्हणून टाइपस्क्रिप्ट तिच्या आत तपासणीचा निकाल धरत नाही.

छोट्या जागी `?.` (मूल्य असेल तरच पुढचं वाचा) आणि `??` (नल किंवा अनडिफाइन्ड असेल तर हे पर्यायी मूल्य घ्या) पुरतात, दोन्ही टाइपस्क्रिप्ट ३.७ पासून मिळतात. `??` च्या जागी `||` लिहू नका: ० आणि रिकामी स्ट्रिंग ही योग्य मूल्यंही त्यात बाद होतात. `&&` (डावीकडचं खरं असेल तरच उजवीकडचं दाखवा) चा सापळा याच जातीचा आहे. डावीकडे ० असेल तर पडद्यावर चक्क ० छापला जातो. आणि `?.` सरसकट पेरलं की पान कोसळत नाही हे खरं, पण नावाच्या जागी रिकामी जागा दिसते आणि कारण कुणालाच कळत नाही.

इनपुटला व्हॅल्यू म्हणून अनडिफाइन्ड गेलं तर रिअ‍ॅक्ट त्याला अनकंट्रोल्ड (ज्याचं मूल्य रिअ‍ॅक्टच्या ताब्यात नाही असं) समजतं. नंतर खरं मूल्य आलं की कन्सोलमध्ये इशारा येतो. तिथे `?? ''` पुरे. स्टेट बदलताना आधीचं मूल्य स्प्रेड करत असाल (`...` लावून त्याचे गुणधर्म नव्या ऑब्जेक्टमध्ये उतरवत असाल) तर ते मूल्य आहे याची आधी खात्री करा. अनडिफाइन्ड स्प्रेड केल्यावर जावास्क्रिप्ट कुरकुर करत नाही, गुपचूप अर्धवट ऑब्जेक्ट तयार होतो.

डेटा, एरर आणि लोडिंग अशा तीन स्टेट वेगवेगळ्या ठेवल्या, तर प्रत्येकीचं असणं-नसणं धरून ८ जोड्या होतात, आणि अर्थ असतो जेमतेम तिघींना. त्यापेक्षा एकच स्टेट ठेवा: ‘स्टेटस’ या गुणधर्माला ‘लोडिंग’, ‘एरर’ किंवा ‘सक्सेस’ यांपैकी एक स्ट्रिंग, आणि डेटा फक्त ‘सक्सेस’च्या प्रकारात. स्विचमध्ये प्रत्येक केस लिहिली की डेटा केव्हा हाताशी आहे हे टाइपस्क्रिप्टला आपोआप कळतं. शेवटच्या डिफॉल्टमध्ये उरलेलं मूल्य ‘नेव्हर’ टाइपच्या (ज्यात कुठलंच मूल्य बसत नाही अशा) व्हेरिएबलला द्या. पुढे कुणी चौथा प्रकार वाढवला तर बिल्ड तिथेच अडेल.

राहिलं उद्गारचिन्ह. युजर या नावानंतर `!` टाकलं की रेघ जाते, पण कंपाइल झालेल्या कोडमध्ये ते चिन्ह उरतच नाही, म्हणजे चालताना तपासणी शून्य. तशीच गफलत नलची होते. जेसनमध्ये (सर्व्हर माहिती पाठवतो त्या मजकुराच्या रचनेत) अनडिफाइन्ड नसतंच, सर्व्हर नल पाठवतो, आणि प्रॉप्सची (कंपोनंटला बाहेरून मिळणाऱ्या मूल्यांची) डिफॉल्ट मूल्यं नलला लागू होत नाहीत. दोन्ही येण्याची शक्यता असेल तिथे `== null` ही दुहेरी बरोबरीची तपासणी वापरा; ती नल आणि अनडिफाइन्ड दोघांनाही पकडते, ० ला हात लावत नाही.