पारलिंगी शेजाऱ्यांना सोसायटीत आणि मंडळात हक्काचे स्थान कसे द्यावे

जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाहून ज्यांची स्वतःची ओळख वेगळी असते त्यांना पारलिंगी म्हणतात; त्यांच्यासाठी तृतीयपंथी हा शब्दही वापरतात. बारशाला किंवा दुकानाच्या उद्घाटनाला तृतीयपंथीयांचे आशीर्वाद आवर्जून घेणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण तीच व्यक्ती भाड्याने घर मागायला आली, तर ‘खोली कालच गेली’ असे उत्तर तिला मिळते. म्हणून सत्काराचा कार्यक्रम ठरवण्याआधी सोसायटीने घराचा प्रश्न हाती घ्यावा. घर विकत किंवा भाड्याने घेताना आणि तेथे राहताना तृतीयपंथी व्यक्तीशी भेदभाव करण्यास 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 3 ने मनाई केली, तर तिला राहते घर किंवा गाव सोडायला भाग पाडणाऱ्यास कलम 18 ने सहा महिने ते दोन वर्षे कारावास ठरवला. व्यवस्थापक समितीने ही कलमे सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावीत आणि अनामत रक्कम, भाडेकराराची नोंदणी व पोलीस पडताळणी यांबाबत जे इतर भाडेकरूंना लागू आहे तेच, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही, लागू राहील असा ठराव इतिवृत्तात नोंदवावा. प्रवेशद्वारावरच्या रखवालदाराला याची वेगळी समज द्यावी, कारण अपमानाची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते.

बोलताना ती व्यक्ती स्वतःचे जे नाव सांगते तेच वापरावे; नोंदवहीत, दारावरच्या पाटीवर आणि व्हॉट्सअ‍ॅप गटातही तेच असावे. ओळख नवी असेल तर ‘तुम्ही कधी आलात?’ अशी आदरार्थी रचना सोयीची पडते, कारण तिथे क्रियापदाला लिंग लागत नाही. मात्र त्या व्यक्तीविषयी इतरांशी बोलताना ‘ते आले’ म्हणायचे की ‘त्या आल्या’, हे तिलाच विचारावे आणि पुढे तसेच म्हणावे. आपला लिंगभाव, म्हणजे आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे, ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात मान्य केले होते. शस्त्रक्रिया, औषधे किंवा जुने नाव यांची चौकशी करू नये. कोणी विश्वासाने काही सांगितले असेल, तर ते दुसऱ्याच्या कानावर घालू नये; नोकरी आणि घर दोन्ही अशा एका वाक्याने जाऊ शकतात. पारलिंगी पुरुषांच्या (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या, पण पुरुष असलेल्यांच्या) बाबतीत हे अधिकच जपावे, कारण ते सहसा तृतीयपंथी समाजातील कोणत्याही घराण्याच्या किंवा गुरूच्या आधाराने राहत नाहीत.

शेजारच्या घरातील मुलगा मुलीसारखा किंवा मुलगी मुलासारखी वागते म्हणून त्या मुलाला मारहाण होत असेल, किंवा त्याला भगताकडे नेले जात असेल, तर आईवडिलांशी एकांतात आणि धीराने बोलावे. असे मूल ‘बरे’ करून देण्याचा उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. ही माहिती पुष्कळ पालकांपर्यंत पोचलेलीच नसते.

यानंतर उत्सवाकडे वळावे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पारलिंगी स्त्रीला बोलावताना तिला वेगळ्या खुर्चीवर बसवून छायाचित्रे काढण्यापेक्षा इतर जणींच्या रांगेत बसवून तेच वाण द्यावे. गणेशोत्सवात तिच्याकडूनही वर्गणी घ्यावी, आरतीची पाळी द्यावी आणि हिशेबाच्या बैठकीलाही बोलावावे. 2024 मध्ये पुण्यात तृतीयपंथी वादकांचे ‘शिखंडी’ ढोल-ताशा पथक उभे राहिले. अशा पथकाला बोलावताना इतर पथकांना मिळते तेवढीच बिदागी आधी लेखी ठरवावी, कपडे बदलण्यासाठी सुरक्षित खोली द्यावी आणि रात्री परत जाण्यासाठी गाडीची सोय करावी.

हाच नियम कामालाही लागू आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून आणि ग्रीन मार्शल (अस्वच्छता करणाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या) पथकात काम दिले. सोसायटीलाही रखवालदार, हिशेबनीस किंवा पाळणाघरातील ताई नेमताना हे सहज करता येईल.

मंडळाच्या कार्यकारिणीची निवड जवळ आली की पारलिंगी सभासदाला विचारून त्याचे नाव सुचवावे. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत एका पारलिंगी स्त्रीचा महिला राखीव जागेसाठीचा अर्ज फेटाळला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिला निवडणूक लढवू दिली आणि गावाने तिला ग्रामपंचायतीवर निवडून दिले.