शिडाच्या होडीवर सोलर पॅनल कुठे आणि कसं बसवाल?

नागपुरात गच्चीवरचं पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण २१ अंश तिरकं बसवतात. होडीवर तसं करू नका. वारा फिरला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, फिरते आणि पॅनलचं तोंड घटकाभरात उत्तरेकडे होतं. ते आडवं, सपाटच ठेवा. मेअखेरीस आपल्याकडे दुपारचं ऊन तसंही थेट डोक्यावर असतं.

आधी गरज मोजा. एकूण १० वॅटचे दिवे पाच तास, दोन मोबाईल, पाणी उपसायचा छोटा पंप अर्धा तास: दिवसाला १०० वॅट-तास पुरतात. तलावातल्या छोट्या होडीला एकूण १०० वॅटचं पॅनल भरपूर झालं, ढगाळ दिवसही निभतात.

खरी शत्रू सावली. मी १०० वॅटचं एकच पॅनल डोलकाठीच्या मागे लावलं होतं. मीटरवर ४.८ अँपिअर होते. शिडाच्या खालच्या दांडीची, मनगटाएवढ्या जाडीची सावली पॅनलवर आडवी सरकली आणि आकडा ०.६ वर आला. कारण १२ व्होल्टच्या पॅनलमधले ३६ सेल, म्हणजे वीज बनवणारे छोटे तुकडे, एकाच माळेत असतात. एक झाकला की माळ अडते. बायपास डायोड (झाकलेल्या सेलना वळसा घालून वीज पुढे नेणारा भाग) अर्धी माळ वगळतो खरा, पण उरलेल्या अर्ध्या माळेच्या ९-१० व्होल्टवर १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होत नाही.

म्हणून ५०-५० वॅटची दोन पॅनल घ्या. होडीच्या मागच्या टोकाला, एक डावीकडे, एक उजवीकडे, समांतर जोडणीत, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. एकावर शिडाची सावली आली तरी दुसरं चालू राहतं. बोल्ट मारण्याआधी ती नुसती दोरीनं बांधा, शीड चढवा आणि सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन वाजता होडी गोल फिरवून सावली बघा. हा एक दिवस जरूर द्या.

डेकला चिकटवायचं लवचिक पॅनल दिसायला देखणं, पण मी ते घेणार नाही. आपल्या मे महिन्यात सेल ७० अंशांपर्यंत तापतात, आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. म्हणजे १६ टक्के गेलीच. फ्रेमचं काचेचं पॅनल घ्या, खाली दोन इंच हवा खेळू द्या. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आरपार, खाली पट्टी देऊन. पावसाळ्याआधीचं वादळ नुसते स्क्रू उपटून काढतं.

पॅनल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा), बॅटरीच्या जातीनुसार सेट केलेला. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. आणि वायर आत शिरण्याआधी खाली एक झोल सोडा, म्हणजे पाऊस तिथूनच ठिबकतो, आत जात नाही.