नव्या गाडीवरचा गंज: काळं कोटिंग नंतर, आधी पत्रा उघडा

गाडी घेऊन दोन पावसाळेही झालेले नसतात आणि दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली पुळी दिसते. मग बेळगावात कुणालाही विचारा, सल्ला ठरलेला असतो: ‘खालून काळं कोटिंग (गाडीच्या तळाला मारायचा जाड संरक्षक थर) मारून घ्या.’ गंजावर कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि पत्रा कुणाच्या नजरेला न पडता कुजत राहतो. कोटिंग साफ पत्र्यासाठी असतं.

आधी तो गंजच आहे का ते बघा. रात्रभराच्या पावसानंतर ब्रेकच्या डिस्कवर आलेला तांबूस थर चार ब्रेक मारले की जातो. पांढऱ्या गाडीवरचे बारीक नारंगी ठिपके बहुतेक वेळा बाहेरून येऊन बसलेले लोखंडाचे कण असतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्री किंवा ग्राइंडिंगच्या शेजारी गाडी लावणाऱ्यांना हे नेहमीचंच. ते क्ले बारने (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने) निघतात, तिथे पॉलिश पेपर लावू नका.

गाडी वॉरंटीत असेल तर कशालाही हात लावण्याआधी फोटो काढा आणि शोरूमकडून जॉब कार्ड बनवून घ्या. बऱ्याच कंपन्यांची गंजाची वॉरंटी पत्र्याला आतून आरपार भोक पडलं तरच चालते. खडीने उडालेला रंग त्यात येत नाही. खरं, खडीची खूण नसताना रंग फुगला असेल तर भांडा.

वॉरंटीत बसत नसेल तर स्वतः कामाला लागा. गाडी धुवा, वाळवा, डागाभोवती मास्किंग टेप लावा.

आता घासणं. इथेच सगळे फसतात. दिसतो तेवढाच डाग घासून लोक थांबतात आणि पुढच्या मृगात त्याच जागी पुन्हा पुळी येते. कारण गंज रंगाखालून कडेकडेने सरकलेला असतो. पुळी नखाने उचकटा. कडेचा रंग जिथपर्यंत सहज सुटतो तिथपर्यंत सोलत जा, जीव कितीही खालीवर झाला तरी. डाग तुरीएवढा आणि उघडा पत्रा रुपयाएवढा, हे चालायचंच. ८० नंबरच्या पेपरने सुरुवात, मग १८०, मग ३२०. रंगाची कड बोट फिरवल्यावर लागता कामा नये.

पत्रा चकचकीत झाला तरी काळे बारीक टिपके उरतात. ते खड्डे आहेत, गंज त्यात बसलेला असतो. आणखी घासलं तर पत्रा पातळ होईल. तिथे फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाचा टिकाऊ थर बनवणारं रसायन) ब्रशने लावा, हातमोजे घालून. डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. नंतर पुसायचं की धुवायचं हेही डब्यावरच असतं, ते पाळा. अख्ख्या सुट्या गंजावर कन्व्हर्टर ओतून ‘झालं काम’ म्हणणाऱ्यांकडे गाडी देऊ नका.

हे काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत करा. खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळी हवेत उघडा पत्रा काही तासांत पुन्हा तांबूस होतो. म्हणून घासलं त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पाणी अडवणारा अस्तराचा हात) लागला पाहिजे. साधा स्प्रे प्रायमर पाणी पितो. तो नुसता मारून ‘रंग पुढच्या आठवड्यात’ म्हणाल तर केलेलं सगळं पाण्यात.

पुढचं सोपं. गाडीवरच्या स्टिकरवरून रंगाचा कोड घ्या, दोन-तीन पातळ हात द्या, वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर.

दाराखालची पाणी जाण्याची भोकंही बघा. लाल चिखल वाळला की ती बुजतात, आणि दार आतून कुजायला तेवढं पुरतं. लाकडी काडीने मोकळी करा. तारेने रंग खरवडला जातो. चोर्ला घाटाने गोव्याला, समुद्रकाठी जाऊन आलात तर घरी पोचल्यावर खालून साध्या पाण्याचा फवारा मारा, आणि गाडी पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर कव्हर घालू नका.